मांडवीवरचा एक दिवस : पाहिले किती, गमावले किती?

सहलीला जाणे ही आता फक्त श्रीमंतांची चैन राहिलेली नाही. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने गाव सोडले ते पोटासाठी. गिरणीत, गोदीत, रेल्वेत राबताना त्यांना 'हवापालट' हा शब्द ठाऊक नव्हता. आज त्यांची नातवंडे शिकली, नोकरीला लागली आणि वर्षातून एकदा आई-वडिलांना घेऊन चार दिवस कोठेतरी जाऊ लागली. ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र सहलीच्या जाहिरातींत आता एक शब्द हमखास आढळतो. 'तीन दिवस, दोन रात्री, नाष्टा, समुद्रकिनारा आणि कॅसिनो!' हा कॅसिनो म्हणजे नेमके काय? कुटुंबाने तेथे जावे काय? गेलेच तर काय सांभाळावे? वाचक बंधू-भगिनींनो, आम्ही हे डोळ्यांनी पाहून आलो आहोत. त्या एका दिवसाचा वृत्तान्त येथे देत आहोत.

आम्ही मूळचे हिर्डोशीचे. भोरहून वरंधा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नीरा-देवघर धरणाच्या खोऱ्यात आमचे गाव आहे. पाऊस उदंड, शेती भाताची आणि नाचणीची. बहुतेक घरांत एक पाय गावात, तर दुसरा पुण्यात नाहीतर मुंबईत. रोख पैसा येथे बेताबेताने येतो. कधी धरणाचा मोबदला म्हणून, कधी रस्त्याकडेची जमीन विकून तो एकरकमी आला, तर तो कसा भुर्रकन उडून जातो, हेही या खोऱ्याने पाहिले आहे. म्हणूनच कॅसिनोकडे आम्ही जरा जपूनच पाहिले.

आमच्या वहिनी शाळेतून सेवानिवृत्त झाल्या. त्या निमित्ताने तीन कुटुंबांनी दोन वर्षे भिशी लावून गोव्याची सहल ठरविली. यंदा भाताची झोडणी उरकल्यावर आम्ही अकरा माणसे एका भाड्याच्या गाडीने निघालो. वरंधा घाट उतरून महाडला चवदार तळ्यावर थांबलो, मुलांना तेथला इतिहास सांगितला, आणि मुंबई-गोवा महामार्गाने रात्री उशिरा पणजीला पोहोचलो. मुक्काम एका मोठ्या हॉटेलात होता. तेथेही खालच्या मजल्यावर जुगाराची यंत्रे मांडलेली होती. आम्ही सांगणार आहोत तो दिवस दुसऱ्या सकाळचा.

सकाळ : जांभ्या दगडातली लेणी

सकाळी सात वाजता आम्ही हरवळ्याकडे निघालो. डिचोली तालुक्यात, साखळी गावाजवळ हे ठिकाण आहे. येथे जांभ्या दगडात कोरलेल्या लेण्यांना स्थानिक लोक 'पांडवांच्या गुंफा' म्हणतात. सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमाराची ही लेणी आहेत. आत शिवलिंगे आहेत. परंतु खोल्यांची रचना पाहून काही अभ्यासकांनी हा मूळचा बौद्ध विहार असावा, असे मत मांडले आहे. लेणी लहान आहेत. कार्ले-भाजे पाहिलेल्या माणसाला ती साधी वाटतील. परंतु गोवा म्हणजे केवळ किनारा आणि चर्च, ही समजूत तेथे उभे राहिल्यावर गळून पडते. शेजारीच हरवळ्याचा धबधबा आहे. आमच्या आक्का म्हणाल्या, "आपल्या घाटातल्यासारखाच की गं हा!" मुलांनी तेथे तासभर घालविला.

तेथून जुन्या गोव्याला आलो. १५१० साली अफोन्सो द अल्बुकर्कने हे शहर जिंकले आणि पुढे शेकडो वर्षे ते पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील राज्याची राजधानी होते. साथीच्या रोगांनी शहर ओस पडत गेले आणि १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली. बॉम जेझस चर्चचे बांधकाम १५९४ साली सुरू झाले आणि १६०५ साली ते पूर्ण झाले. बाहेरून गिलावा नसल्याने त्याचा जांभा दगड उघडा दिसतो. सकाळी लेण्यात पाहिलेला दगड तो हाच, हे मुलांनीच आम्हांला दाखविले! संत फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव येथे जपून ठेवले आहे. १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळ ते वारले. दर दहा वर्षांनी लोकांना त्या पार्थिवाचे जवळून दर्शन घेता येते. अलीकडचा सोहळा नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात झाला. समोरच से कॅथेड्रल आहे. १९८६ साली युनेस्कोने या वास्तूंचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

जुन्या गोव्याहून दिवाडी बेटावर फेरीबोट जाते. पायी जाणाऱ्यांना तिकीट नाही. गाड्या, मोटारसायकली, शाळकरी मुले, मासळीच्या टोपल्या असा सारा संसार एकाच बोटीवर असतो. नदी ओलांडायला काही मिनिटे लागतात. आम्ही गेलो आणि त्याच बोटीने परत आलो. घरी परतल्यावर 'सर्वांत काय आवडले?' असे मुलांना विचारले, तेव्हा तिघांनी 'फेरीबोट' असे उत्तर दिले. बिनपैशाची ही जलसफर कोणत्याही जाहिरातीत नव्हती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दुपार : पणजी शहर

जेवण करून पणजीत फिरलो. फोन्तेन्हास भागातील रंगीत घरे पाहिली. मांडवीच्या काठावर जुने सचिवालय आहे. मुळात तो आदिलशाही वाडा होता. याच्या शेजारी आबे फारिया यांचा पुतळा उभा आहे. १७५६ साली कांदोळीला जन्मलेला हा गोवेकर पाद्री पुढे युरोपात गेला आणि संमोहनशास्त्राच्या आद्य अभ्यासकांत त्याचे नाव घेतले जाऊ लागले. पुतळ्यात तो हात पसरून एका स्त्रीला संमोहित करताना दाखविला आहे. त्याच्यासमोर नदीत कॅसिनोची जहाजे नांगर टाकून उभी असतात. आमचे तात्या हसून म्हणाले, "यांचा धंदा अजून चालूच आहे म्हणायचा!"

संध्याकाळी मिरामारला गेलो. येथे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांची समाधी आहे. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी. त्यानंतर बहुजन समाजाच्या पाठबळावर सत्तेवर आलेल्या या नेत्याने खेड्यापाड्यांत प्राथमिक शाळा उघडल्या. शाळेत आयुष्य घालविलेल्या आमच्या वहिनी तेथे बराच वेळ उभ्या होत्या. सूर्य समुद्रात बुडाला आणि नदीवरची जहाजे रोषणाईने उजळली.

रात्र : जहाजावर

लहान मुले व आक्का हॉटेलात थांबल्या. २१ वर्षांखालील कोणालाही खेळाच्या जागी प्रवेश नाही. आम्ही सहाजण जेटीवर गेलो. निघण्यापूर्वी वहिनींनी एक नियम घातला : तिकिटाबरोबर मिळतील तेवढ्याच चकत्या खेळायच्या, स्वतःचा अथवा भिशीचा एक रुपयाही लावायचा नाही. परतीच्या डिझेलचे पैसे त्यांनी आपल्याच बटव्यात ठेवले.

काउंटरवर ओळखपत्र मागितले. आधार कार्डावरील 'हिर्डोशी, तालुका भोर' हा पत्ता वाचून आम्हांला आत सोडण्यात आले. पत्ता का पाहतात, हे जेटीजवळ शेंगदाणे विकणाऱ्या एका बाईंनी सांगितले. त्या म्हणाल्या, आम्हा गोवेकरांना आत खेळायला मनाई आहे, आणि ते बरेच आहे.

वाचकहो, ही गोष्ट नीट ध्यानात घेण्यासारखी आहे. गोव्याच्या जुगारविषयक कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या जुगाराला वाट मिळाली. १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलाचे खेळ आले. गोव्यातील अनेक नागरिकांनी, विशेषतः महिलांनी, त्यास विरोध केला. अखेर १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळण्याची मनाई लागू झाली. पाहुण्यांनी मात्र यावे! हे केवळ गोव्याचे नाही. युरोपातील मोनाको देश कॅसिनोसाठी जगप्रसिद्ध. तेथील नागरिकांना त्यात खेळता येत नाही. नेपाळमध्ये नेपाळी माणसाला मनाई आहे. दक्षिण कोरियात अनेक कॅसिनो आहेत, पण कोरियन माणसाला त्यांतील फक्त एकाचे दार उघडे आहे. सिंगापूर आपल्या नागरिकांकडून दिवसाला १५० डॉलर प्रवेशकर घेते. परदेशी पाहुण्यांना तो कर नाही. जो स्वयंपाकी आपल्या मुलांना आपल्या हातचे खाऊ देत नाही, त्याच्याकडे पाहुण्याने किती जेवावे?

आपल्या महाराष्ट्राचे काय? १९७६ साली कॅसिनोचे नियंत्रण व कर यासंबंधी कायदा झाला होता, परंतु तो कधीही अमलात आला नाही. २०२३ साली तो रद्दच करण्यात आला. त्यामुळे महाराष्ट्रात कॅसिनो नाही. महाराष्ट्राचा माणूस मात्र गाड्या भरून गोव्याला जातो.

एका छोट्या बोटीने आम्हांला जहाजावर नेले. आत गालिचे, दिवे, गारवा. एका बाजूस रंगमंचावर नाचगाणी, दुसऱ्या बाजूस जेवणाची रांग. तिकिटातच जेवण होते आणि मद्यही. खेळाच्या जागी फोटो काढायला बंदी. आम्हांला कोठे घड्याळ दिसले नाही. रात्रीचे नऊ वाजले की बारा, हे तेथे कळत नाही. पैशांऐवजी रंगीत चकत्या मिळतात. शंभराची नोट हातातून जाताना मनाला चटका बसतो. चकती सरकविताना तो बसत नाही. मद्य फुकट मिळते म्हणून खूश होणाऱ्यांनी एवढेच समजावे की शुद्ध हरपलेला माणूस पैसे मोजत नाही. आमच्यापैकी कोणी त्या पेल्याला हात लावला नाही, आणि त्यामुळेच पुढचे सारे आम्हांला स्वच्छ दिसले.

रूलेटची फिरती चकती, पत्त्यांचे ब्लॅकजॅक, आपल्याकडचे तीन पत्ती आणि अंदर-बाहर, आणि भिंतीलगत यंत्रे. जत्रेतला चक्रीचा डाव आणि मटक्याचा आकडा यांचीच ही सुटाबुटातली भावंडे. फरक एवढाच की तेथे खेळणारा घाबरून इकडे-तिकडे पाहतो, येथे त्याला 'सर' म्हणतात.

आमचा भाचा कंपनीत काम करतो. मुलगा हुशार व कष्टाळू. त्याने तिकिटाच्या चकत्या रूलेटवर लावल्या आणि अर्ध्या तासात चार हजारांवर गेला. आजूबाजूच्यांनी टाळ्या वाजविल्या. आम्ही म्हटले, "आता ऊठ." तो उठला नाही. पुढच्या पाऊण तासात ते चार हजार गेले. मग तो वहिनींकडे आला.

"मामी, पाच हजार द्या. सात वेळा लागोपाठ लाल आलंय. आता काळंच येणार. पैसे काढून लगेच उठतो."

"डिझेलचे पैसे आहेत ते."

"दुप्पट करून देतो की!"

वहिनी रागावल्या नाहीत. त्याला घेऊन त्या जहाजाच्या उघड्या भागात वाऱ्याला जाऊन बसल्या, पर्समधून पेन काढले आणि कागदी रुमालावर हिशेब मांडला. तो हिशेब आम्ही येथे जसाच्या तसा देत आहोत, कारण प्रत्येक घरात तो एकदा मांडला गेला पाहिजे.

रुमालावरचा हिशेब

रूलेटच्या चकतीवर ० ते ३६ असे ३७ आकडे असतात. समजा, तुम्ही प्रत्येक आकड्यावर १०० रुपये लावले. एकूण लागले ३,७०० रुपये. कोणता तरी एक आकडा येणारच. त्या आकड्याचे ३५ पट, म्हणजे ३,५०० रुपये, आणि तुमचे त्यावरचे १०० रुपये मिळून हातात येतात ३,६०० रुपये. शंभर रुपये गेले! कोणीही फसविले नाही, चकती वाकडी नाही. तरी शंभर गेले. लाल-काळ्यावर लावले तरी तेच. लाल १८, काळे १८ आणि एक हिरवे शून्य. ते शून्य मालकाचे. काही चकत्यांवर दोन शून्ये असतात. तेथे तोटा जवळजवळ दुप्पट.

भाचा म्हणाला, "मामी, म्हणजे शेकड्याला पावणेतीन रुपयेसुद्धा नाहीत. एवढं तर चालतं!"

"एका फेरीला बाळा. तू फेऱ्या किती खेळलास?"

येथेच खरी मेख आहे. माणूस ५०० रुपये लावतो, जिंकतो, हरतो, पुन्हा तेच ५०० लावतो. रात्रभरात २०० फेऱ्या झाल्या तर त्याने एकूण १ लाख रुपये चकतीवर ठेवले, असा त्याचा अर्थ होतो. शेकडा दोन रुपये सत्तर पैसे या दराने सरासरी २,७०० रुपये गेले. एखादा जिंकतो, तसेच एखादा दहा हजार हरतो. पण सगळ्या टेबलांची बेरीज मालकाच्या बाजूला झुकलेलीच राहते. ती झुकली नाही तर जहाजाचे दिवे, नाचगाणी, जेवण आणि नोकरांचे पगार कोठून व्हायचे? शिवाय सरकारचा वाटा आहेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर ४० टक्के जीएसटी लागतो. हे सारे हरणाऱ्याच्या खिशातून जाते.

राहिला प्रश्न सात वेळा आलेल्या लालचा. वहिनींनी विचारले, "त्या चकतीला मागचं आठवतं का रे? तिला डोकं आहे का?" मागचे आकडे दाखविणारा फलक टेबलाशेजारी मुद्दाम लावलेला असतो. तो पाहून माणसाला वाटते, आपण काही शास्त्र उलगडत आहोत. प्रत्यक्षात आठव्या वेळी लाल येण्याची शक्यता पहिल्या वेळी होती तेवढीच असते.

भाचा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "मोबाइलवरही असंच होतं मामी. दोन वर्षं खेळत होतो." किती गेले, ते त्याने सांगितले. तो आकडा आम्ही छापत नाही. एवढेच सांगतो की त्या रकमेत हिर्डोशीच्या घरावरचे पत्रे बदलून झाले असते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा कोठे त्याचा खेळ थांबला होता. घरात कोणालाच माहीत नव्हते. जहाजावर आल्यावर हात पुन्हा शिवशिवू लागला. सहलीने आम्हांला एवढे दिले की मुलगा बोलता झाला.

बुद्धांनी गृहस्थाला काय सांगितले?

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी तरुण गृहस्थ सिगालाला संसाराचा उपदेश केला आहे. त्यात संपत्ती नासण्याच्या सहा वाटांत जुगाराचा उल्लेख येतो, आणि जुगाराचे सहा दोष वेगळे सांगितले आहेत. जिंकणाऱ्याचा लोक द्वेष करतात. हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो. हातचे धन जाते. सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. मित्र आणि सोबती त्याला तुच्छ मानतात. आणि त्याला कोणी मुलगी देत नाही, कारण बायको पोसण्याची त्याची ऐपत नाही असे म्हणतात. येथे पाप-पुण्याची वा नरकाची भीती घातलेली नाही, हे पाहण्यासारखे आहे. सहाही दोष याच जगातले, आपल्या घरात आणि शेजारी दिसणारे आहेत. मटक्याने उद्ध्वस्त झालेली चाळीतली घरे ज्यांनी पाहिली, त्यांना यातला एकही दोष समजावून सांगावा लागणार नाही.

रात्री अकराच्या सुमारास आम्ही जहाजावरून उतरलो. डिझेलचे पैसे बटव्यातच होते.

जाणाऱ्यांसाठी चार शब्द

आम्ही कोणाला गोव्याला जाऊ नका असे म्हणणार नाही. जरूर जा. मुलांना लेणी दाखवा, जुने गोवे दाखवा, फेरीबोटीत बसवा. कॅसिनो पाहण्याची उत्सुकता असेल तर तीही शमवा. झाकलेल्या गोष्टीचे आकर्षण अधिक वाढते. परंतु पुढील गोष्टी पाळा :

१) कॅसिनोचे तिकीट हा करमणुकीचा खर्च समजा, जसा नाटक-सिनेमाचा असतो. तो परत येणार नाही असे धरूनच आत जा.

२) एटीएम कार्ड, मोबाइलवरून पैसे देण्याची सोय आणि परतीचे पैसे हॉटेलात, विश्वासू माणसाकडे ठेवा. शक्यतो घरातील बाईच्या हाती खर्चाची दोरी असावी.

३) मद्य घेऊ नका. परतण्याची वेळ बाहेरच ठरवा आणि मनगटावर घड्याळ बांधून जा.

४) हरलेले भरून काढण्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका; पण त्याला लोकांदेखत अपमानितही करू नका. बाजूला घेऊन बसा, त्याचे ऐका, हिशेब मांडा. घरात कोणी आधीपासून या नादात असेल तर ते याच वेळी कळते.

परत आल्यावर वहिनींनी वहीत खर्च लिहिला. हरवळे, जुने गोवे, फेरीबोट आणि मिरामार मिळून दिवसभराच्या भ्रमंतीला अकरा माणसांचे जेवण-चहा आणि गाडीचे डिझेल धरून जेवढे लागले, त्याहून अधिक रक्कम सहाजणांच्या तीन तासांच्या कॅसिनोला लागली. आणि तीही स्वतःची एक चकती विकत न घेता!

पुढच्या वर्षाची भिशी सुरू झाली आहे. या वेळी वेरूळ-अजिंठ्याला जायचे ठरले आहे. भिशीची वही भाच्याकडे दिली आहे, आणि पहिल्या महिन्याचा हप्ता त्यानेच सर्वांत आधी भरला.